आईला बसवायची जीप

आमच्या घरी सकाळ व्हायची ती दादाच्या जीपच्या फटफटाटाने. दादाची म्हणतो आहे, कारण सगळं गाव तसं म्हणायचं. तिचं मेलेलं पेट्रोल इंजिन उपसून त्या जागी टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं ते मी, त्यासाठी चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, इंजिन टेकायला नवे पाय जोडून घेतले ते मी, आणि आठवड्यातून दोनदा तिच्याखाली चटई टाकून उताणा पडायचो तोही मीच. दादा चालवायचा. जो चालवतो त्याची गाडी, असं लोक धरून चालतात. त्या बाबतीत माझं लोकांशी तेव्हापासून जे बिनसलं ते आजपर्यंत.

घर खाडीच्या अगदी काठाला होतं. पडवीसमोर अंगण, अंगणापुढे बांध, बांधापलीकडे भरतीचं पाणी. ओहोटीला चिखलाचा वास यायचा आणि त्या वासातच आमची न्याहारी व्हायची : तांदळाची भाकरी, भाजलेलं सुकट, त्यावर चिरलेला कांदा. आई चुलीपुढे बसून भाकरी थापायची आणि ती थापताना बोटांचा जो आवाज व्हायचा तो मला अजून ऐकू येतो. मी मोठं घर बांधलं, त्यात सगळं आहे, भाकऱ्या थापायला बाईही आहे. पण ती ओट्याशी उभी राहून थापते. उभ्याने थापलेल्या भाकरीचा आवाज वेगळा येतो. हे कोणाला सांगितलं तर लोक माझ्याकडे बघून डोळे मिचकावतात, म्हणून सांगत नाही.

जीप बाबांनी लष्कराच्या भंगारातून घेतली होती. भात, पेंढा, खाडीची कोलंबी, काय वाहायचं ते वाहायला घरची गाडी असावी, एवढाच त्यांचा हेतू. पण आईचा हेतू निराळा होता आणि तो तिने कधी मोठ्याने सांगितला नाही. तिचं माहेर खाडीच्या पलीकडे, भिवंडीच्या बाजूला. दर चैत्रात तिच्या माहेरच्या गावदेवीची पालखी निघायची. आई दरवर्षी एसटीने जायची, फाट्यावर उतरायची आणि डोक्यावर वड्यांची टोपली घेऊन चालत गावात शिरायची. तिच्या भावजयीला, म्हणजे आमच्या मामीला, बोलायची सवय होती. "आल्या आमच्या वन्सं, पायाची धूल घेऊन," असं ती सगळ्या बायकांसमोर म्हणायची आणि वर हसायची. आईही हसायची. मी लहानपणी एका पालखीला तिच्याबरोबर होतो, तेव्हा ते हसणं पाहिलं होतं. दारात जीप आली त्या दिवशी आईने तिच्यावरून हात फिरवला आणि पुढच्या सीटवर एकदा नुसती बसून उतरली. मला तेवढ्यावरून कळलं.

अडचण धुराची होती. मूळ इंजिनाचा धूर एका बाजूने निघायचा, टेम्पोच्या इंजिनाचा दुसऱ्या बाजूने. इंजिनाच्या सगळ्या भोकांतला धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारा एक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो या गाडीच्या जुन्या नळीला कुठेच भेटत नव्हता. मी नळी वाकवून घेतली, तिच्या तोंडाला जाड पत्र्याची चकती वेल्ड करून घेतली, आणि मॅनिफोल्ड व ती चकती यांच्यामध्ये गॅस्केट घालून तीन बोल्टांनी आवळली. बाबा त्याला पॅकिंग म्हणायचे. ते पॅकिंग टिकेना. चार दिवस बरे जायचे, मग त्या जोडातून धूर फुटायचा आणि पायाशी फळीच्या फटीतून सरळ आत यायचा. दादाला काही व्हायचं नाही, तो बिड्या ओढायचा. आई बसली की बंदर फाट्यापर्यंत जायच्या आत तिचं डोकं धरायचं, पदर नाकाला जायचा आणि ती मागे बसलेल्या मला म्हणायची, "बाल्या, उतरव मला. मी चालत जातंय."

एका संध्याकाळी बाबा पडवीत जाळं विणत बसले होते. सुईवरची नजर न काढता म्हणाले, "चैताच्या पालखीला तुमच्या आयला या गाडीतून नेऊन आना. तिनं वाटेत पदर नाकाला नाय लावला, तर गाडी ऱ्हाईल दारात. लावला, तर दुसऱ्या दिवशी भंगारात."

मी तेव्हाही घासाघीस केल्याशिवाय पाणी पीत नसे. "आणि धुळीसाठी लावला तर?"

"धुलीचा पदर आनि धुराचा पदर मला कलतो."

"रस्ता कामणपर्यंत नुसता खड्ड्यांचा आहे बाबा, तेवढा धरू नका. कामणपासून पुढे धरा."

"दारापासून धरीन," बाबा म्हणाले. "तू गाडी नीट केलीस म्हंतोस ना? मग दारापासून धर."

दादा भिंतीला टेकून हसत होता. "बाल्या बाजार मांडतो रे बापासंगं," तो म्हणाला. दादाचं हसणं छान होतं, ते कबूल करतो. गावातल्या पोरी त्या हसण्यासाठी बांधावरून लांबचा फेरा घालून जायच्या.

गॅस्केटचा पत्रा आणायला मी भिवंडी रस्त्यावरच्या गफूरचाचांच्या भंगाराच्या आवारात गेलो. तिथे मोडक्या ट्रकांच्या टपांवर शेळ्या चढलेल्या असायच्या आणि चाचा खाटेवर बसून चहा बशीत ओतून प्यायचे. मी किमतीवरून इतका वेळ बसलो की त्यांनी मला दोनदा चहा पाजला. शेवटी ते वैतागून म्हणाले, "अरे तू पॅकिंग लेने आया है या मेरी बेटी का रिश्ता?" मी म्हणालो, "चाचा, पॅकिंग पहिले. रिश्ता टिकेगा तो टिकेगा." ते इतके हसले की चहा सांडला आणि पत्रा माझ्या भावात मिळाला. मी निघालो तेव्हा त्यांनी हाक मारली. "हर बार वहीं से जलता है क्या? एक ही जगह से?" मी हो म्हणालो. "तो पॅकिंग का कसूर नहीं. लोहा टेढा होगा."

हे मलाच सुचायला हवं होतं. आधीची गॅस्केटं सगळी एकाच अंगाने जळली होती. घरी आल्यावर पहिल्यांदा आईला बंद गाडीत पुढे बसवलं, इंजिन चालू केलं, मागे नळीच्या तोंडात ओलं गोणपाट कोंबलं. धूर जिथून फुटायचा तिथून जोराने फुटला. आईला म्हटलं, "आये, कुठून वास येतोय ते सांग फक्त." ती डोळे मिटून बसली आणि हाताने दाखवू लागली. इथून नाय. जरा आणखी खाली. हां, तुज्या डाव्या हाताला. मी खाली पडल्या पडल्या तिथे उदबत्ती धरली तर तिचा धूर फर्रकन मागे फेकला गेला. आईचं नाक बोटभरही चुकलं नव्हतं.

चकती काढून पाहिली. दादा मध्येच कधीतरी बोल्ट आवळायचा, आणि त्याची पद्धत म्हणजे एक बोल्ट पार शेवटपर्यंत, मग दुसरा. तशाने पत्रा एका अंगाला वाकतो आणि मग तिथे कितीही चांगलं गॅस्केट घाला, ते जळणारच. चकती सपाट करायची तर उंचवटा नेमका कुठे आहे ते कळायला हवं. मी भिंतीवरचा आरसा काढून अंगणात आडवा ठेवला, देव्हाऱ्यातला शेंदूर तेलात कालवून काचेवर पातळ पसरला आणि चकती त्यावर दाबून फिरवली. जिथे जिथे उंच तिथे तिथे शेंदूर लागला. तेवढंच कानशीने घासायचं, पुसायचं, पुन्हा दाबायचं.

आई दारातून ओरडली, "अरे मेल्या, देवाचा शेंदूर सायलेन्सरला?"

"देवीच्याच पालखीला जायचंय ना? तिचा तिला पोचतोय."

ती हसत आत गेली आणि थोड्या वेळाने शेंदराची पुडी आणून निमूट माझ्याजवळ ठेवून गेली. उन्हात बसून लोखंड घासणारा मी, काचेत उलटं दिसणारं आभाळ, आतून येणारा वाटणाचा वास. आयुष्यात पुढे मी बऱ्याच गोष्टी कमावल्या, पण त्या दुपारसारखी दुपार परत मिळाली नाही. कोणी दिली असती तर त्याच्याशी मी भाव केला नसता.

शेवटी चकतीच्या सगळ्या अंगाला सारखा शेंदूर लागला. गॅस्केट कापलं, बसवलं, तिन्ही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. पालखीच्या दिवशी पहाटे उजाडताच इंजिन चालू करून चांगलं तापवलं. धूर नाही, फटफट नाही. एक खालच्या पट्टीतली गुरगुर फक्त. आजची पोरं माझ्या दुकानात येऊन मुद्दाम गाडीचा आवाज वाढवून घेतात, त्यासाठी हौसेने पैसे मोजतात, हायवेवर शेजारच्याचे कान किटवतात. मी घेतो पैसे, धंदा आहे. पण त्या गुरगुरीसाठी मी किती जीव टाकला होता ते त्यांना सांगून कळणार नाही. आई वडे तळत होती, ती झारा हातात घेऊनच बाहेर आली. "चालू हाय?" तिने विचारलं. तिला ऐकूच आलं नव्हतं. मला याहून मोठी शाबासकी कोणी दिलेली नाही.

नवं गॅस्केट एकदा तापलं की दबतं. ते निवल्यावर बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. मी इंजिन बंद केलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "निवेपर्यंत कोणी हात लावू नका," आणि अंघोळ करून वाडीवाल्याकडे हाराला फुलं आणायला गेलो.

परत आलो तर जीप न्हाऊन उभी होती. बॉनेट उघडं होतं, आतलं इंजिनसुद्धा ओलं, आणि दादा चाकांना हळदीकुंकू लावत होता. गाडी पूजेआधी धुवायची ही आमची रीत, त्यात वावगं काही नव्हतं. पण विहीर चैत्रात तळाला गेलेली, म्हणून पाणी त्याने खाडीचं आणलं होतं. मी विचारलं, "इंजिनावर कधी मारलंस पाणी?" तो म्हणाला, "आता. निवलं होतं." मी हात लावून पाहिला. कोमट होतं. पाण्याने कोमट झालं की आपोआप, ते हाताला कळत नाही. मी बोल्ट आवळले. हार घातला, नारळ फुटला, आई नवं लुगडं नेसून वड्यांची टोपली मांडीवर घेऊन पुढे बसली, बाबा आणि मी मागे. दादाने चावी फिरवली आणि बंदुकीच्या फैरी झाडल्यासारखा आवाज झाला.

मी खाली उतरून बघू लागलो. बाबा म्हणाले, "पालखी तुज्यासाठी थांबत नाय." मी म्हणालो, एसटीने जाऊ. तेव्हा आई वळली. तिच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं.

"मोरू, चल," ती दादाला म्हणाली. "वाजू दे वाजायचं तर. मी याच गाडीतून जानार."

त्या प्रवासाबद्दल मी कोणाजवळ बोललेलो नाही. धूर पहिल्यापेक्षा वाईट होता, मला मागे बसून खोकला येत होता. समोर आईची पाठ दिसत होती. तिचा पदर खांद्यावरून मांडीवर घेतलेला होता आणि त्याचा शेव तिने दोन्ही हातांनी टोपलीखाली दाबून धरला होता. डोळ्यांतून पाणी वाहून गालावर काजळ उतरलं होतं, ते मला बाजूच्या आरशात दिसलं. कामण गेलं, पूल गेला, फाटा गेला. तिने पदर उचलला नाही. बाबा सगळा वेळ तिच्याकडे बघत होते.

माहेरच्या गावात आम्ही शिरलो तेव्हा पालखीचे ढोल थांबले. खरंच थांबले, कारण आमच्यापुढे ते ऐकू जात नव्हते. मामी दारात आली. आई टोपली घेऊन पायरीवरून उतरावं तशी जीपमधून उतरली. मामी म्हणाली, "अग बाई, वन्सं, केवढा आवाज! मना वाटलं ट्रक आला."

"ट्रक नाय," आई म्हणाली. "आमची गाडी. माज्या बाल्यानं बनवली."

चारचौघांत माझं नाव त्या गाडीशी जोडलं गेलं ते तेवढं एकदाच.

येतानाही तिने पदर लावला नाही. अंगणात उतरली, तुळशीजवळ गेली आणि वाकून ओकू लागली. ओकून झाल्यावर भिंतीला धरून बसून राहिली. बाबा जवळ उभे होते. मी म्हणालो, "पदर लावला नाही तिने, बाबा. दारापासून दारापर्यंत नाही लावला." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तिचा जीव घेऊन जिंकतोस?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जोड उघडला. गॅस्केट जसंच्या तसं होतं, कुठे काळा डाग नाही. मग मॅनिफोल्ड काढून उलटा केला. खालच्या अंगाला नख घालता येईल अशी चीर गेली होती, आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना मीठ फुललं होतं. पांढरं, खडूने ओढल्यासारखं. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते असंच फुटतं, आणि ते पाणी कुठलं होतं ते मीठ सांगत होतं. मी तो तुकडा पडवीत नेऊन बाबांपुढे ठेवला.

"बोल्ट आवलून फोडलास," बाबा म्हणाले.

"बोल्टाजवळ नाही फुटला, बघा तरी! गरम असताना पाणी पडलंय यावर. दादा, सांग की!"

दादा मशेरी लावत उभा होता. त्याने थुंकून चूळ भरली. "मी निवल्यावर मारलं," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, तुळशीकडे बघत.

मी त्याच्या अंगावर गेलो. आई मध्ये आली. बाबा म्हणाले, "बस. ज्याच्या हाताला यश नाय त्यानं लोखंडाला हात लावू नये." त्या आठवड्यात गफूरचाचांचा ट्रक येऊन जीप ओढून घेऊन गेला. चाचा माझ्याशी बोलायला आले, मी घराच्या मागे जाऊन उभा राहिलो. आणि पुढच्या आठवड्यात मी एक पिशवी घेऊन विरारला गेलो, मनवेलपाड्यात चाळीतल्या एका खोलीत पाच जणांत राहिलो, एका गॅरेजात लागलो. हाताला यश नाही म्हणाले ना? मग बघा, असं दात ओठ खाऊन काम केलं. सायलेन्सरचं दुकान टाकलं, टेम्पो घेतले, कामणला गोदामं उभी केली. शेत दादाला गेलं, घर दादाला गेलं, मी वाटणीच्या वेळी तालुक्याला सही करायला गेलो आणि चहाही न पिता परत आलो. बाबा गेले तेव्हा खांदा दिला. ते माझ्या दुकानात एकदाही आले नव्हते. मी कधी बोलावलं नव्हतं, हेही खरं, पण बोलवायला लागावं का?

आई शेवटची काही वर्षं माझ्याकडे होती. दवाखान्यात तिच्याजवळ बसलो होतो एका दुपारी. खालून कोणाची तरी आवाज वाढवलेली गाडी गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या. मी शिवी दिली. आई डोळे मिटूनच म्हणाली, "मी बगितलं होतं रे."

"काय बघितलं?"

"मोरूला. मी पूजेचं ताट घेऊन दारात होते. तुजी पाठ फिरली नि त्यानं बादली मारली. वाफ आली. टन्न करून वाजलं. त्यानं मागं उडी मारली. मला तवा काय कललं नाय. दुसऱ्या दिशी तू ती चीर दाखवलीस तवा कललं."

मला वाटलं होतं, हे कधीतरी कोणाच्या तोंडून ऐकलं की मी मोकळा होईन. तसं झालं नाही. मी म्हणालो, मोठ्याने म्हणालो, नर्स डोकावून गेली इतक्या मोठ्याने, "मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. त्याच सांजेला." तिने श्वास घेतला. "ते म्हनाले, मला म्हाईत हाय. मीठ मी बी बगितलं. पन मोरू घरातून निगाला तर दोन दिसांत उपाशी मरंल. बाल्या कुटं पन टाका, उबा ऱ्हाईल. गाडी नि दोघं भाव एका दारात नाय मावनार, म्हनाले."

ती थोड्या वेळाने झोपली.  दादा अजून आहे, गावी असतो, गुडघे गेलेत त्याचे. सणाला फोन करतो, मी उचलतो, पाऊसपाण्याचं बोलून ठेवतो. त्याच्यावरचा राग कमी झालेला नाही, आणि आता बाबांवरचाही धरायचा तर ते समोर नाहीत. रात्रंदिवस माणसांशी व्यवहार करत आलो, समोरच्याच्या मनातला शेवटचा आकडा मला ओळखू येतो, असं लोक म्हणतात. माझ्याबद्दलचा एवढा मोठा सौदा माझ्याच पडवीत ठरला आणि मला कोणी बसायला सुद्धा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी अडून बसलो नसतो. शेत घ्या म्हणालो असतो, घर घ्या, जीप न्या, मला आजच पिशवी भरायला सांगा. बदल्यात फक्त एकदा, आई ऐकत असताना, तो बिडाचा तुकडा हातात घेऊन बाबांनी म्हणायचं होतं, "बाल्या, तुजा जोड पक्का होता." त्यांनी हे सगळं मनात ठेवून मी घर सोडेपर्यंत माझ्यासमोर जेवणं जेवली. त्यातलं खरं मला नुसतं पानात वाढलं असतं, तरी मी घेतलं असतं.